दाराजवळची खाट

वहिनी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होत्या, तेव्हाच वरून मेट्रनचं हसू ऐकू आलं. साधंसुधं हसू नव्हे; हसता हसता ठसका लागायचा आणि मग त्या ठसक्याचंच हसू यायचं, तसलं. वॉर्डातल्या आयांना नुसत्या भुवईने गप्प करणारी ही बाई कशाने इतकी हसते, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस अजून जिन्यातच होतं.

दार उघडंच होतं. आत टेबलाशी धाकटी बसली होती, ती नेमकी वहिनींच्या खुर्चीत.

“या या, जाऊबाई!” ती बसल्या जागेवरूनच म्हणाली. “चहा ठेवू?”

स्वतःच्या नणंदेच्या घरी आपल्याला कोणी दुसरीनेच चहा विचारावा, हे वहिनींनी मुकाट्याने गिळलं.

“ऐकलंस का,” मेट्रन पदराने डोळे टिपत म्हणाल्या, “ही सांगत होती, आमच्या बंधुराजांनी एकदा गाडीला हिरवा बावटा दाखवला आणि स्वतः फलाटावरच राहिले. गाडी गेली पुढे, गार्ड मागे! मग गाडीच्या मागे ‘थांब थांब’ करत धावताहेत!”

“असं होय,” वहिनी म्हणाल्या आणि भिंतीकडच्या स्टुलावर टेकल्या. स्टूल बुटकं होतं. त्यावर बसलं की टेबल छातीशी यायचं आणि माणूस आपोआप लहान पोरासारखं दिसायचं.

इथे नाती सांगून टाकलेली बरी. मेट्रन आणि वहिनी पंचेचाळीस वर्षांपूर्वी नर्सिंगच्या होस्टेलात एका खोलीत राहत होत्या. दोन खाटा, एक खिडकी, एक आरसा आणि त्या आरशासाठी रोज सकाळी होणारं भांडण. तिसऱ्या वर्षी मेट्रननी (तेव्हा त्या मेट्रन नव्हत्या, नुसती एक लांबोडकी मुलगी होती) ट्रंकेतून आपल्या थोरल्या भावाचा फोटो काढला आणि म्हणाल्या, “बघ, चालतोय का. नाहीतर तू कुठल्या तरी लांबच्या गावी लग्न करून जाशील आणि मला नव्या बाईच्या घोरण्याची सवय करत बसावं लागेल.” फोटो चालला. मैत्रिणीची वहिनी झाली. तेव्हापासून एक दुसरीला ‘वहिनी’ म्हणते आणि दुसरी पहिलीला, मुद्दाम खिजवायला म्हणून, ‘वन्सं’. मेट्रननी स्वतः लग्न केलं नाही. दोघींनी एकाच इस्पितळात नोकरी केली. एक वॉर्डाची सिस्टर होऊन निवृत्त झाली आणि दुसरी थेट मेट्रन. वहिनींचे यजमान जाऊन आठ वर्षं झाली होती.

आणि धाकटी म्हणजे मेट्रनच्या धाकट्या भावाची बायको. तो रेल्वेत गार्ड. तीस वर्षं ती दोघं दूरच्या गावी राहिली, लग्नकार्याला यायची तेवढीच. मागच्या वर्षी तो गेला, आणि धाकटी दोन ट्रंका आणि एक शिलाई मशीन घेऊन याच शहरात, मेट्रनच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहायला आली. पासष्टीची असून पायजमा-कुडता घालायची, केस मानेवर कापलेले, आणि बोलायला लागली की समोरचा माणूस हातातलं काम विसरायचा. वाईट बाई मुळीच नव्हती. तेच तर वहिनींना जड जात होतं. वाईट असती तर निदान चारचौघांत बोलता तरी आलं असतं.

आता टेबलावर जे पसरलं होतं त्याची गोष्ट. होस्टेलच्या त्या खोलीत एका औषध कंपनीचं कॅलेंडर होतं. त्यात मे महिन्यावर एका बेटाचं चित्र होतं. पांढरी वाळू, वाकडं नारळाचं झाड आणि मागे निळ्या दाराचं एक बसकं घर. वर्ष संपलं तरी त्या दोघींनी मे काही उलटू दिला नाही. रात्रपाळी करून सुजलेले पाय भिंतीला टेकवून दोघी त्या चित्राकडे बघत पडायच्या. “नोकरी लागली की जायचं. आपण दोघीच.” नोकरी लागली. मग लग्न, मुलं, सासूबाईंचं आजारपण, मेट्रनचं प्रमोशन, साथीचे रोग, यजमानांचं दुखणं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. शेवटी मेट्रनना सत्तर पूर्ण झाली तेव्हा त्या एका सकाळी फोनवर म्हणाल्या, “वहिनी, बेट. आता नाही तर मग वरच्या मजल्यावरूनच बघावं लागेल.”

वहिनींनी त्याच दुपारी माळ्यावरची बॅग काढून उन्हात ठेवली.

चौथ्या दिवशी पुन्हा फोन. “अगं, धाकटीलाही नेऊ या. एकटीच असते.”

“ने की,” वहिनी म्हणाल्या. कडू औषध पाजताना पेशंटशी जो गोड आवाज काढतात, तो आवाज त्यांना छत्तीस वर्षांच्या नोकरीने चांगला शिकवला होता.

तर टेबलावर प्रवास कंपनीने दिलेली तीन रंगीत पत्रकं होती, कुठे उतरायचं ते ठरवायला. पहिलं एका मोठ्या हॉटेलचं. सात मजले, पोहायचा तलाव आणि तलावात बसून सरबत पिणारी माणसं.

“समुद्राकाठी जाऊन तलावात कशाला डुंबायचं?” मेट्रन म्हणाल्या. ते पत्रक बाद झालं. त्यावर तिघींचंही एकमत झालं आणि वहिनींना तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

दुसरं लाकडी झोपड्यांचं. वाळूतच खांबांवर उभ्या केलेल्या, चार-पाच पायऱ्या, पुढे ओटा, आत दोन खाटा. तिसरं एका जुन्या अतिथिगृहाचं. समुद्रापासून दहा मिनिटं आत. फोटोही जरा धुरकटच. तळमजल्यावर एक लांबलचक खोली, ओळीने तीन खाटा आणि दाराचा रंग निळा.

निळं दार वहिनींना लगेच दिसलं. त्यांनी मेट्रनकडे पाहिलं. मेट्रन झोपड्यांचं पत्रक चष्म्यापुढे धरून वाचत होत्या.

“हे छान आहे. दोन झोपड्या घेऊ, शेजारीशेजारी,” त्या म्हणाल्या. “एकीत मी आणि धाकटी. आणि ही कोपऱ्यातली, अगदी समुद्रासमोरची, वहिनी, तुला एकटीला. राणीसारखी राहा.”

पंचेचाळीस वर्षं वाट पाहून शेवटी वहिनींच्या वाट्याला काय आलं, तर समुद्र!

“मला एकटीला कशाला एवढी मोठी?” त्या म्हणाल्या. “धाकटीला द्या. तिला समुद्राची हौस आहे.”

“मला कुठेही चालेल हो,” धाकटी म्हणाली. “मी फलाटावरच्या बाकावरही झोपलेली बाई. यांची गाडी उशिरा आली की तिथेच वळकटी टाकायची.”

“नको, ती माझ्याजवळ बरी,” मेट्रन म्हणाल्या.

“झोपड्यांत डास असतात,” वहिनी म्हणाल्या.

“जाळ्या लावल्यात. लिहिलंय इथे.”

“खांबांवरचं घर हलतं. तुला बोट लागते, तशी झोपडी लागेल.”

“झोपडी लागल्याचं अजून ऐकलं नाही कधी.”

“पायऱ्या आहेत.”

“पाच! मी परवापर्यंत चार मजले राउंड घेत होते.” मेट्रननी चष्मा कपाळावर सरकवला. “तुझं काय बिनसलंय गं? सवत आणून बसवल्यासारखी बघतेयस मघापासून.”

धाकटी खदखदून हसली. मेट्रनही हसल्या. वहिनी पण हसल्या, कारण न हसणं म्हणजे कबुली देण्यासारखंच होतं. मग धाकटीने सहज मेट्रनच्या कपाळावरचा चष्मा काढला, आपल्या कुडत्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा त्यांच्या नाकावर बसवला. मेट्रननी तो बसवू दिला. वहिनींनी इतक्या वर्षांत मेट्रनच्या जखमा धुतल्या होत्या, उलट्या काढल्या होत्या. पण चष्म्याला हात लावायची छाती त्यांना कधी झाली नव्हती.

त्या चहा न घेताच उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला वहिनी प्रवास कंपनीच्या कार्यालयात होत्या. काचेचं दार, एक टेबल, त्यावर प्लॅस्टिकचं नारळाचं झाड, आणि झाडामागे एक टकलू गृहस्थ. गेली वीस वर्षं ते लोकांना बेटावर पाठवत होते आणि स्वतः एकदाही गेले नव्हते. त्यांना बोट लागायची.

“त्या झोपड्या नकोत,” वहिनींनी सांगितलं. “ते निळ्या दाराचं अतिथिगृह द्या. तीन खाटांची खोली.”

“पण काल सायंकाळी त्या दुसऱ्या बाईंचा फोन आला होता. झोपड्याच म्हणाल्या.”

“त्यांच्या गुडघ्यासाठीच सांगतेय.” हे वाक्य तोंडातून निघालं तेव्हा वहिनींनाच त्याचं नवल वाटलं. पण एकदा निघालं म्हटल्यावर ते उघडंनागडं सोडून कसं चालेल? “डॉक्टरांनी पायऱ्या चढायला सक्त मनाई केलीय. त्या स्वतः नाही सांगायच्या. करारी बाई आहे. दुखतं म्हणायचीच नाही.”

“अरेरे. फार त्रास आहे का?”

“उभं राहवत नाही,” वहिनी म्हणाल्या.

गृहस्थांनी हळहळून तांबड्या शाईने काहीतरी लिहून घेतलं. त्यांच्या आईचाही गुडघा असाच होता म्हणे. ते दारापर्यंत पोचवायला आले. वहिनींना जरा लाज वाटली; पण डोळ्यांपुढे तीन खाटा ओळीने उभ्या होत्या आणि त्यांचा हिशेबही झाला होता. खिडकीकडची मेट्रनला, तिला वारा लागतो. मधली आपल्याला. दाराजवळची धाकटीला. कोणी कोणाला एकटीला दिलं असं होणार नाही, आणि हात लांब केला की मेट्रनच्या खाटेची कड हाताला लागेल. होस्टेलात लागायची तशी.

“झोपड्या भरल्या म्हणे,” त्यांनी संध्याकाळी मेट्रनना सांगितलं. “तिसरं मिळालं. मी सहज तिथून जात होते, म्हटलं चौकशी करू.”

मेट्रननी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. कोऱ्या चार्टवर अंदाजाने ताप लिहिणाऱ्या शिकाऊ नर्सकडे त्या जसं बघायच्या, अगदी तसं.

“असं?” त्या म्हणाल्या. एवढंच.

बोटीत धाकटीने पिशवीतून तीन टोप्या काढल्या. स्वतः शिवलेल्या, मोठ्या कडेच्या, एकाच कापडाच्या. मेट्रननी लगेच घातली. वहिनींनी “माझं डोकं दुखतं टोपीने” म्हणून मांडीवर ठेवली. मेट्रनना बोट लागायला लागली तसं धाकटीने त्यांच्या तोंडात लिमलेटची गोळी घातली आणि पाठीवरून हात फिरवत, कसलीशी गाडी चुकल्याची लांबण लावली. वहिनींच्या पर्समध्ये उलटीची गोळी होती. व्यवस्थित, कागदात गुंडाळून, वर नाव लिहून ठेवलेली. ती काढीपर्यंत मेट्रनना बरं वाटलंसुद्धा.

धक्क्यावर ऊन मी म्हणत होतं. वाळू खरंच पांढरी होती. एक नारळाचं झाड खरंच वाकडं होतं. वहिनी ते मेट्रनना दाखवणार, एवढ्यात त्यांचं लक्ष झाडाखाली गेलं.

झाडाखाली एक व्हीलचेअर होती. तिला रंगीत छत्री बांधलेली. शेजारी एक गुटगुटीत बाई हात जोडून उभी होती. ती अतिथिगृहाची मालकीण.

“या, या! गुडघ्याच्या बाई कुठल्या तुमच्यातल्या? तुमच्या कंपनीच्या साहेबांचा दोनदा फोन आला हो. म्हणाले, उभंसुद्धा राहवत नाही त्यांना, नीट सांभाळा. गावच्या दवाखान्यातून मागून आणलीय मी ही. काल धुऊन काढली, चाकांना तेल दिलं.”



“ताई!” धाकटी घाबरून म्हणाली. “गुडघा? मला काहीच कसं बोलला नाहीत?”

मेट्रननी व्हीलचेअरकडे पाहिलं. मग मालकिणीच्या घामेजलेल्या, भाबड्या चेहऱ्याकडे. मग सावकाश वहिनींकडे. वहिनी पायाखालची वाळू मोजत होत्या.

“सांगायचं काय त्यात,” मेट्रन म्हणाल्या आणि संथपणे जाऊन खुर्चीत बसल्या. पाय खुर्चीच्या पायरीवर ठेवले, टोपी सारखी केली. “धाकटे, तू या बाईंबरोबर पुढे हो. त्यांना सामानाला हात दे. वहिनी ढकलेल मला. तिला सवय आहे.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. दहा मिनिटांची वाट, निम्मी वाळू, निम्मा चढ. मेट्रनचं वजन उमेदीच्या काळातही कमी नव्हतं. एकोणसत्तराव्या वर्षी वहिनी कंबर वाकवून, दात ओठ खाऊन ढकलत होत्या. आणि मेट्रन छत्रीखाली बसून इकडे पाहा, तिकडे पाहा करत होत्या.

“सुंदर आहे हं बेट.”

वहिनी नुसत्या धापा टाकत होत्या.

“कोणता ते तरी सांग.”

“काय कोणता?”

“गुडघा. आता चार दिवस लंगडायचं म्हणजे एकच धरायला हवा ना. ही बाई इतकं तेलबिल घालून बसलीय, तिला वाईट वाटायला नको.”

“डावा,” वहिनी कशाबशा म्हणाल्या.

“बरं. डावा.” मेट्रन मान न वळवताच पुढे म्हणाल्या, “मी त्या टकलूंना दुसऱ्याच दिवशी फोन केला होता. झोपड्या रिकाम्या होत्या म्हणाले.”

“मग बोलली का नाहीस?”

“बघत होते, तू कुठवर जातेस. इथवर आलीस!”

घर बसकं होतं, दार निळं होतं. वहिनींनी व्हीलचेअर सावलीत उभी केली आणि घाम न पुसताच आपली बॅग उचलून आधी आत घुसल्या. धाकटी अजून मालकिणीशी बोलत ओट्यावर होती. हीच वेळ होती. आत लांब, थंड खोली. ओळीने तीन खाटा, पांढऱ्या चादरी, कोपरे छान दुमडलेले. वहिनी दोन पावलं आत गेल्या, बॅग ठेवली, चपला खाटेखाली जोडीने सरकवल्या, बोटं दाराकडे करून, आणि पदराने मान पुसली.

मग त्यांनी पाहिलं की बॅग कुठे ठेवलीय.

दाराजवळच्या खाटेवर.

इस्पितळात ड्यूटीरूममध्ये अशाच तीन खाटा होत्या. रात्री वॉर्डातून बोलावणं आलं की दाराजवळच्या नर्सने उठायचं, हा नियम. नवी असताना वहिनींना ती खाट मिळाली, आणि पुढे सिनियर झाल्या तरी त्यांनी ती सोडली नाही. झोप सावध होती, हाकेसरशी पाय चपलेत. छत्तीस वर्षं. आता बॅग ठेवताना डोकं कुठे होतं कोण जाणे, हातांनी आपली जागा बरोबर शोधून काढली होती.

“अगंबाई, किती गार आहे इथे!” धाकटी आत आली आणि मधल्या खाटेवर धपकन पडली. पडली ती पडलीच. टोपी पोटावर, हात पसरलेले. वहिनी बघत राहिल्या. पंचेचाळीस वर्षांची वाट, दोन थापा, एक गुडघा, तो चढ. आणि शेवटी आपल्याच हाताने आपण दाराशी.

थोड्या वेळाने धाकटी आंघोळीला गेली. मागच्या अंगणात नळाचा आवाज सुरू झाला. मेट्रन भिंत धरत, डावा पाय ओढत आत आल्या, दार लोटलं आणि सरळ चालत खिडकीकडच्या खाटेवर जाऊन बसल्या. वहिनी तेवढ्यात उठल्या होत्या. त्यांनी धाकटीची पिशवी मधल्या खाटेवरून उचलली आणि दाराजवळच्या खाटेवर ठेवली. मग आपली बॅग मधल्या खाटेवर.

“परत ठेव,” मेट्रन म्हणाल्या.

“नाही.”

“वहिनी.”

“मला मधली हवीय!” वहिनींचा आवाज भलताच चिरकला. एकदा बांध फुटला म्हटल्यावर सगळंच वाहत आलं. “मला इथे झोपायचंय. आपण दोघी येणार होतो. दोघीच. मे महिना काढू दिला नव्हता आपण. आणि तू मला समुद्र देऊन वाटेला लावत होतीस. तिला खुर्ची, तिला चष्मा, तिला खाट. मी काय केलं तुझं?”

मेट्रननी मागच्या अंगणाकडे कान दिला. नळ वाहतच होता.

“बस,” त्या म्हणाल्या. “ती यायच्या आत सांगते. तिने कोणाला सांगू नका म्हणून हात धरलाय माझा. पण तुला सांगायला हवं होतं, ते चुकलं. दोन महिने तिच्याशी तू धड बोलत नाहीस, कधी सांगणार?” त्यांनी आवाज खाली आणला. “तिचा नवरा पहाटे तीनच्या गाडीने यायचा. तीस वर्षं तीनला उठून ती दार उघडायची. अजून उठते. झोपेतच. दोनदा तिला खालच्या शेजाऱ्यांनी जिन्यातून वर आणून घातलीय. एकदा तर फाटकापर्यंत गेली होती. आणि इथे बाहेर काय आहे, तूच बघ. वाळू आणि पुढे पाणी. म्हणून माझ्या झोपडीत घेत होते तिला.”

वहिनी खाटेच्या कडेवर बसल्या. त्यांची स्मरणशक्ती दांडगी होती. सगळे म्हणायचे. कोणत्या साली कोणत्या वॉर्डात कोण पेशंट कोणत्या खाटेवर होतं, हे त्या आजही सांगू शकायच्या. पण मेट्रनचं पुढचं वाक्य ऐकलं आणि त्यांना वाटलं, हे मात्र आपण कसं विसरलो?

“दादा गेला तेव्हा सहा महिने मी कुठे झोपत होते?” मेट्रननी विचारलं.

वहिनींच्या खोलीत. जमिनीवर गादी घालून, कारण दादांच्या खाटेवर झोपायला वहिनी कोणाला देत नव्हत्या. सहा महिने. सकाळी उठताना त्यांची कंबर धरायची आणि त्या कधी बोलल्या नव्हत्या.

“तेव्हा धाकटीने नाही विचारलं, ताई माझ्याकडे का येत नाहीत म्हणून.”

नळ बंद झाला. वहिनी उठल्या. धाकटीची पिशवी मधल्या खाटेवर, आपली बॅग दाराजवळ. चपला जोडीने, बोटं दाराकडे.

“कडी वरची लाव,” मेट्रन म्हणाल्या. “आणि तू तिथे असलीस की मलाही झोप येते. ड्यूटीरूममध्ये तू रजेवर असलीस की डोळ्याला डोळा लागायचा नाही माझा. नव्या पोरी हाका मारल्या तरी उठायच्या नाहीत.”

“मला तरीही राग येतोय,” वहिनी म्हणाल्या.

“येऊ दे. मी कुठे नको म्हणतेय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर टेबल मांडलं होतं. पाव, अंडी, पपई. धाकटी गाढ झोपून उठली होती आणि चेहऱ्यावर तजेला होता. रात्री वहिनींनी एकदा तिचा दंड धरून तिला खाटेवर परत नेऊन निजवलं होतं, हे तिला ठाऊकही नव्हतं. मनगट हातात आल्यावर वहिनींनी सवयीने नाडीही पाहिली होती. आता पाव कापताना धाकटी सांगत होती, की ताईंच्या गुडघ्यासाठी ती स्वतः एक पट्टा शिवणार आहे, आत कापूस घालून, आल्या आल्या मापच घेते.

वहिनींनी डोक्यावरची टोपी सारखी केली. ऊन होतं म्हणून घातली होती, दुसरं काही नाही.

आतून मेट्रन आल्या. मालकीणबाई चहाची किटली घेऊन समोर उभी होती, म्हणून दारातच लंगडायला लागल्या. अगदी मन लावून, चेहऱ्यावर सोशिक भाव आणून, उजवा पाय ओढत.

वहिनींनी पपईची फोड तोंडाशी नेता नेता थांबवली.

“वन्सं,” त्या हळूच म्हणाल्या. “डावा.”

मेट्रन जागच्या जागी थबकल्या. खाली पाहिलं. मग भर दारात त्यांनी पाय बदलला, आणि ते हसू फुटलं, ठसका लागला, ठसक्यावर पुन्हा हसू. वहिनींनाही आवरेना. चहा सांडला, चमचा खाली पडला, मालकीण गोंधळून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली.

“काय झालं?” धाकटी दोघींकडे पाहत, नुसत्या हसण्यानेच अर्धी हसत विचारू लागली. “काय झालं हो? मलाही सांगा ना!”

“काही नाही,” दोघी एकदमच म्हणाल्या.

“सांगा ना, जाऊबाई!”

वहिनींनी तिच्या बशीत पपईची सगळ्यात मोठी, सगळ्यात गोड दिसणारी फोड वाढली.

“खा तू,” त्या म्हणाल्या. “आमचं जुनं काहीतरी आहे.”